धार्मिक मत, समलैंगिकता आणि जाहीर सभा: बोलताना काय पाळावं, टीका झाली तर काय करावं?

फुटाळा_काठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

दक्षिण नागपुरातल्या एका अध्यात्म मंडळाच्या व्याख्यानमालेत यंदा ‘गृहस्थधर्म आणि समलैंगिक विवाह’ हा विषय ठरलाय. वक्ते परंपरेच्या बाजूचे: विवाह स्त्री-पुरुषाचाच, असं शास्त्राधारे मानणारे. पत्रिका छापायच्या आधीच दोन सूर लागलेत. एक म्हणतो, ‘विषयच काढून टाका, गुन्हा दाखल होईल.’ दुसरा म्हणतो, ‘आपल्या धर्माचं आपण बोलायला कुणाला काय विचारायचं?’

मला तीन गोष्टी नेमक्या हव्यात. कायदा कुठपर्यंत बोलू देतो. ग्रंथाचा दाखला देताना माणूस कुठे घसरतो. आणि भाषणानंतर टीकेचा भडिमार झाला तर मंडळाने काय करायचं. तिन्हीतले जाणकार इथे आहेत. ‘आमच्याकडे असं झालं होतं’ हे किस्से मात्र नकोत, धागा भरकटतो.

धंतोली_वकील

फुटाळाभाऊ, आधी पाया. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की सज्ञान व्यक्तींमधले परस्परसंमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात जुन्या दंड संहितेच्या ३७७ सारखं, ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारं कलमच नाही. दुसरीकडे १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात, विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि समलैंगिक विवाहाला मान्यता द्यायची की नाही ते संसदेने ठरवावं, असं झालं. म्हणजे ‘अशा विवाहाला मान्यता नको’ हे मत उघड सभेत मांडता येतं आणि ‘मान्यता द्या’ हेही तितक्याच हक्काने मांडता येतं. पण वक्ते ‘हा गुन्हा आहे’ म्हणाले, तर ती श्रद्धा राहत नाही, चुकीची माहिती होते. जाहिरातीत, प्रास्ताविकात, भाषणात, कुठेच ते वाक्य येऊ देऊ नका.

मर्यादेसाठी श्रेया सिंघल निकाल (२४ मार्च २०१५) वाचा. त्यात बोलण्याच्या तीन पायऱ्या आहेत: चर्चा, पुरस्कार, चिथावणी. पहिल्या दोन कितीही अप्रिय असल्या तरी संरक्षित आहेत, तिसरीला कायदा हात घालतो. तुमच्या विषयात त्या अशा दिसतील. ‘आमचं शास्त्र याला मान्यता देत नाही’ ही चर्चा. ‘समाजाने हे स्वीकारू नये’ हा पुरस्कार. ‘वस्तीत असे कोणी राहत असतील तर हुसकून लावा’ ही चिथावणी. तिसरं वाक्य भाषणाच्या शेवटी, टाळ्यांच्या भरात येतं. वक्त्यांना शेवटची पाच मिनिटं लिहून आणायला सांगा, तिथेच तोल जातो.

कलमं थोडक्यात. न्याय संहितेचं १९६ (जुनं १५३अ) गटांमध्ये शत्रुत्व पसरवण्याबद्दल आहे: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक विधी चालू असताना केलं तर पाच वर्षांपर्यंत. म्हणून कार्यक्रम मंदिराच्या सभामंडपात आहे की समाजभवनात, याने फरक पडतो. लैंगिकता हा शब्द त्या कलमात नाही, युक्तिवाद ‘समुदाय’ या शब्दावर करावा लागतो. २९९ (जुनं २९५अ) धर्माचा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने अपमान करण्याबद्दल आहे. इथे लोक हमखास चुकतात: तुमच्या वक्त्यांवर टीका करणं म्हणजे धर्माचा अपमान नव्हे. रामजीलाल मोदी खटल्यात १९५७ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की हे कलम फक्त जाणूनबुजून केलेल्या, गंभीर स्वरूपाच्या अपमानापुरतं आहे. कुणी नाव घेऊन बदनामी केली तर ३५६, धमकी दिली तर ३५१. १९६ आणि २९९ या दोन्ही कलमांखाली न्यायालयाने दखल घेण्याआधी शासनाची मंजुरी लागते.

आणि एक गोष्ट नागपूरकर म्हणून अभिमानाने लिहितो. बोलण्याचा परिणाम कुणाच्या मोजमापाने मोजायचा, याची देशभर वापरली जाणारी कसोटी आपल्या शहरातून गेलेली आहे. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत-वऱ्हाड सरकार, १९४७ च्या एआयआरमधल्या (न्यायालयीन निकालांचा छापील संग्रह) नागपूर विभागाचं पहिलं पान, न्यायमूर्ती विव्हियन बोस. शब्दांचा परिणाम समंजस, कणखर, धैर्यवान माणसाच्या दृष्टीने तपासायचा, प्रत्येक विरोधी मतात संकट पाहणाऱ्या डळमळीत मनाच्या दृष्टीने नाही. २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालातही सर्वोच्च न्यायालयाने तीच कसोटी उचलून धरली. ती वक्त्याला वाचवते तशीच त्याच्या टीकाकारालाही वाचवते.

सदरकर

वकीलसाहेबांनी कायदा मांडला, मी ग्रंथांच्या दाखल्यांबद्दल लिहितो. अर्धा दाखला हे सगळ्यात मोठं दुखणं आहे.

कॅथलिक चर्चचंच घ्या. धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात या विषयावर २३५७, २३५८ आणि २३५९ असे सलग तीन परिच्छेद आहेत. पहिला समलैंगिक कृतींना नैतिकदृष्ट्या मान्यता देत नाही. दुसरा सांगतो की अशा व्यक्तींना आदराने, करुणेने, संवेदनशीलतेने स्वीकारावं आणि अन्यायकारक भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी. तिसरा ब्रह्मचर्याचं आवाहन करतो. व्यासपीठावर २३५७ वाचला जातो आणि वही मिटते. शिकवण सांगायची असेल तर तिन्ही वाचा, दोन मिनिटंही लागत नाहीत. १८ डिसेंबर २०२३ चा व्हॅटिकनचा दस्तऐवजही असाच दोन्हीकडून कापला जातो. त्याने अशा जोडप्यांना विधीबाहेरचा साधा आशीर्वाद द्यायला मोकळीक दिली, विवाहाची शिकवण मात्र तशीच ठेवली. ‘पोपनी लग्नं लावायला सांगितली’ हे चूक आणि ‘काहीच बदललं नाही’ हेही चूक.

इस्लामी बयानात (प्रवचनात) हजरत लूत यांच्या कौमची, म्हणजे लोकांची, कथा येते, कुरआनच्या सातव्या सूरेत ८० व्या आयतीपासून. शिक्षेबाबत मात्र फिकहचे (इस्लामी कायदाशास्त्राचे) इमाम एकमताचे नाहीत. इमाम अबू हनीफा याला ‘हद्द’, म्हणजे ठरलेली शिक्षा, मानत नाहीत, काझीच्या विवेकावर सोडतात. इतरांची मतं कडक आहेत. जाहीर बयानात आयत सांगणं हा श्रद्धेचा भाग झाला. जुन्या शिक्षांची वर्णनं ‘आजही हेच व्हायला पाहिजे’ या सुरात सांगणं म्हणजे वकीलसाहेबांची तिसरी पायरी. भारतात शिक्षा फक्त न्यायालय देतं, हे वाक्य त्याच दमात यायला हवं.

निळी_पहाट

फुटाळा_काठ, तुमचे वक्ते ‘शास्त्राधारे’ बोलणार म्हणजे बहुधा मनुस्मृती येणार. म्हणून ती जागा नीट पाहा.

अकराव्या अध्यायात, आवृत्तीप्रमाणे १७४ किंवा १७५ व्या श्लोकात, पुरुषाशी मैथुन करणाऱ्या द्विजाला सचैल स्नान सांगितलंय, म्हणजे अंगावरच्या वस्त्रांसह आंघोळ. त्याच श्लोकात, त्याच प्रायश्चित्तासह, बैलगाडीत, पाण्यात आणि दिवसा केलेला स्त्रीसंगही आहे. त्याच अध्यायात आधी, अडुसष्टाव्या श्लोकाच्या आसपास, हीच गोष्ट जातिभ्रंश करणाऱ्या कृतींमध्येही मोजलेली आहे. महापातकांच्या यादीत मात्र ती नाही. तिथे ब्रह्महत्या, सुरापान, चोरी, गुरुपत्नीगमन आणि ते करणाऱ्यांचा संसर्ग आहे. तेव्हा ‘शास्त्राने याला महापाप म्हटलंय’ असं कोणी बोललं आणि सभेतल्या एखाद्या अभ्यासकाने पुस्तक उघडून दाखवलं, तर वक्ते श्रद्धेवर नाही, संदर्भावर पडतील.

दुसरं याहून महत्त्वाचं. तुम्ही नागपुरात बोलताय. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी या ग्रंथाचं दहन केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. इथे मनुस्मृतीला प्रमाण मानून कुणाच्या जगण्यावर निवाडा दिला, की तुमचा विषय विवाह राहणार नाही, मनुस्मृती होईल. टीका येईल आणि ती रास्त असेल. विवाह संस्काराबद्दल बोलायचं तर गृह्यसूत्रांतला विधी, सप्तपदी, गृहस्थाश्रमाची कर्तव्यं यावर बोला. तो तुमचा स्वतःचा, ठाम आधार आहे.

आमच्या बौद्धांकडेही सोयीची वाक्यं फिरतात, तीही सांगते. पंचशीलातलं तिसरं शील उपासकाला कामातल्या मिथ्याचारापासून दूर राहायला सांगतं. सुत्तांमध्ये त्याचं स्पष्टीकरण आई-वडिलांच्या वा नातलगांच्या संरक्षणातल्या, विवाहित, वाग्दत्त अशा स्त्रियांच्या संदर्भात येतं. समलैंगिकतेचा तिथे उल्लेख नाही. विनयात, म्हणजे संघाच्या नियमग्रंथांत, भिक्षूंसाठी ब्रह्मचर्याचे नियम कडक आहेत, पंडकाला (लैंगिकदृष्ट्या वेगळा मानलेला पुरुष) उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, नाकारलेली आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. पण ते संघप्रवेशाचे नियम आहेत. ‘बुद्धाने निषेध केला’ आणि ‘बुद्धाने पाठिंबा दिला’, दोन्ही बाजूंनी सुत्ताचं नाव विचारा.

सावजी_रस्सा

निळीताई एकदम बरोबर. एक जोड देतो. नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या भूमिकेचा हवाला दोन्हीकडून दिला जातो, आणि तोही अर्धाच. मार्च २०१६ मध्ये संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी हा गुन्हा मानू नये असं म्हटलं, पण सोबत सामाजिकदृष्ट्या अनैतिक आणि मानसशास्त्रीय प्रश्न असंही म्हटलं. जानेवारी २०२३ च्या मुलाखतीत मोहन भागवत म्हणाले की हे लोक नेहमीच होते, त्यांनाही समाजात त्यांची जागा असावी, आणि जरासंधाच्या हंस-डिंभक या सेनापतींचा दाखला दिला. मार्च २०२३ मध्ये संघाने समलैंगिक विवाहाला विरोध कायम ठेवला. तिन्ही विधानं तारखेसकट सांगा नाहीतर एकही सांगू नका.

अन् पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते तेव्हा या विषयावर बडग्या (टीकेचा पुतळा) काढायची कल्पना दरवर्षी कोणाच्या तरी डोक्यात येऊन राहिली असते, तेही इथेच बोलून टाकतो. बडग्या भ्रष्टाचारावर, महागाईवर, सत्तेवर काढतात. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आपण जे जाळतो ते संकट असते, कोणाचा पोरगा नसते. लिपस्टिक लावलेला पुतळा जाळला तर गर्दीतला एखादा पंधरा वर्षांचा पोरगा ते पाहून काय समजेल याचा विचार करा भाऊ. मंडळांनी आधीच नाही म्हणावं.

मनोमित्र

मानसोपचाराच्या बाजूने. वक्त्यांनी ‘आजार’, ‘विकृती’, ‘उपचाराने बरं होतं’ हे शब्द वापरले तर ते धर्माचं बोलत नाहीत, वैद्यकशास्त्राचं बोलतात आणि चुकीचं बोलतात. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये हा आजार नाही असं जाहीर केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ३ तर थेट तुमच्या विषयाला भिडतं: समाजात प्रचलित नैतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही, एवढ्यावरून कुणालाही मनोरुग्ण ठरवता येत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं.

याचं व्यवहारात काय होतं ते सांगतो. ‘बरं होतं’ हे वाक्य ऐकून घरी गेलेले आईवडील पोराला कुठेतरी घेऊन जातात. मग डोस सुरू होतात, नाहीतर अंगारा. ‘अंगातलं काढतो’ म्हणून मारहाण, चटके, कोंडणं झालं तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली सहा महिने ते सात वर्षं कैद आहे. काही घरांत घाईघाईने लग्न लावतात, आणि त्यात एका अनोळखी मुलीचंही आयुष्य अडकतं. हा भाग वक्त्यांनी स्वतः बोलावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. परंपरा मानणारा माणूस ‘लग्न लावून देऊ नका’ म्हणाला, तर आईवडील ते आमच्यापेक्षा जास्त ऐकतात.

पडद्यावर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक ठेवा. मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

कामठीरोड

मी समलैंगिक आहे, नागपूरचाच, आणि आस्तिकही आहे. सगळं वाचलं. धागाकर्त्यांनी आधी विचारलं, याचं बरं वाटलं.

एक गोष्ट मात्र खटकते. ‘टीकेचा भडिमार झाला तर’ असं लिहिलंय, जणू टीका ही आपत्ती आहे. तुम्ही माझ्या लग्नाबद्दल, घराबद्दल, पापपुण्याबद्दल माइकवरून बोलणार. मग मी उठून ‘हे मला मान्य नाही आणि हे क्रूर आहे’ म्हणालो, तर तो त्याच संवादाचा दुसरा भाग झाला. मला उत्तर द्या, पण ‘आमच्या भावना दुखावल्या’ म्हणून मला खाली बसवू नका.

जी टीका गैर आहे ती मीही गैरच म्हणेन: वक्त्याचा घरचा पत्ता टाकणं, मुलीच्या फोटोखाली शिव्या देणं, धमकी देणं, एका माणसाच्या वाक्यावरून अख्ख्या जातीला किंवा धर्माला झोडपणं. भाषणातलं वाक्य उद्धृत करून ते चूक का हे लिहिणं, संविधान चौकात फलक घेऊन शांतपणे उभं राहणं, पुढच्या वर्षी त्याच मंचावर वेळ मागणं, हे सगळं योग्य आहे.

आणि बोलताना ‘हे लोक’, ‘असले लोक’ म्हणू नका. समोरच्या खुर्च्यांवर आम्ही असतो. आमच्या आया असतात. पुष्कळांच्या घरी माहीतही नसतं. विनोदाने मागे पाहून ‘आपल्यात तर कोणी नाही ना?’ असं विचारलं जातं, त्या एका वाक्याने काही पोरं पुढची दहा वर्षं गप्प बसतात. नाव घेऊन किंवा खूण करून कुणाची लैंगिकता उघड करणं तर अजिबात नको.

धंतोली_वकील

शेवटच्या मुद्द्याला कायद्याचा आधार आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा भाग मानलाय. शिवाय वक्ता किंवा श्रोता महाविद्यालयाशी संबंधित असेल तर लक्षात असू द्या की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून केलेला छळही धरलेला आहे. व्यासपीठावरून ऐकलेली टवाळी वसतिगृहात वापरली गेली तर तिथे ते रॅगिंग आहे.

संत्रामार्केट

कार्यक्रमाची बाजू मी सांगतो, व्याख्यानमाला कुठे फसतात ते बघून.

मोबाइलची फीत. चाळीस मिनिटांच्या भाषणातून तीस सेकंद कापले जातात आणि तेच शहरभर फिरतात. ‘माझ्या श्रद्धेप्रमाणे’ हे वक्त्याने पहिल्या मिनिटाला म्हटलं असेल तर त्या तुकड्यात ते नसतं. उपाय एकच: मत आणि त्याची मर्यादा एकाच वाक्यात बांधा. ‘आमच्या परंपरेत विवाह स्त्री-पुरुषाचाच मानतात, आणि जो वेगळा आहे त्याला त्रास देण्याचा हक्क ती परंपरा मला देत नाही.’ हे वाक्य कुठूनही कापायला गेलात तर अर्धवट ऐकू येतं, तुकडा करणारा उघडा पडतो.

मंडळाने स्वतः अखंड चित्रण करावं, दोन उपकरणांवर. पूर्ण व्हिडिओ त्याच रात्री चढवा, तुकडे नंतर. मूळ फाइल फोनमध्ये जशीच्या तशी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबून लहान केली जाते, मग ती मूळ फाइल उरत नाही. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

वेळ: भाषण चाळीस मिनिटं, प्रश्न किमान तीस. प्रश्नांना दहाच मिनिटं ठेवली की विरोध करणाऱ्याचा हात तसाच वर राहतो आणि राग बाहेर, समाजमाध्यमांवर निघतो. माइक फिरवण्यापेक्षा चिठ्ठ्या घ्या, नाव लिहायची सक्ती नको. ज्याला उघडपणे विचारता येत नाही त्यालाही विचारता येतं. चिठ्ठ्या निवडणारा माणूस वक्त्याच्या बाजूचा नसावा.

ऑनलाइन टिप्पण्या: दोन जणांना जबाबदारी द्या, एकाला नाही. कठोर टीका राहू द्या. पुसली की स्क्रीनशॉट फिरतो आणि मूळ मुद्द्यापेक्षा ‘टीका दाबली’ हीच बातमी होते. धमकी, पत्ता, फोन नंबर, शिवी एवढंच काढा, काढण्याआधी जपून ठेवा. एका माणसाला एकदाच उत्तर. संदर्भ चुकला असेल तर चोवीस तासांत त्याच पानावर सर्वात वर दुरुस्ती, ‘अनुयायांचा गैरसमज झाला’ अशी गोलमाल भाषा नको.

धंतोली_वकील

जपून ठेवायचं कसं ते लिहितो, तिथे पुढे प्रकरण लटकतं. नुसता स्क्रीनशॉट कमी पडतो. पोस्टची पूर्ण लिंक, खात्याचं वापरकर्तानाव (वर दिसणारं नाव बदलता येतं), तारीख-वेळ, आणि शक्यतो पान उघडण्यापासूनचं स्क्रीन रेकॉर्डिंग. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (जुनं ६५ब). त्याचे आता दोन भाग आहेत, उपकरण ज्याच्या ताब्यात तो एक भरतो आणि तज्ज्ञ दुसरा, आणि फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधून काढलेला तिचा ओळख-आकडा) लिहावं लागतं. फाइल दाबून लहान झाली की हॅश बदलतं, म्हणून संत्रामार्केट म्हणाले ते पाळा.

तक्रार धमकीची असेल तर हद्दीच्या ठाण्यात लगेच द्या. मतभेदाची असेल तर देऊ नका. तीन वर्षं ते सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांना चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३), आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती करावी असं प्रतापगढी निकाल सांगतो. तुमच्याविरुद्ध तक्रार झाली तर याच टप्प्यावर अखंड चित्रण आणि लिहिलेलं भाषण हजर करा. बहुतेक गैरसमज तिथेच मिटतो.

फुटाळा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मनुस्मृतीचा भाग वक्त्यांना कळवला, ते गृह्यसूत्रांवर बोलायला तयार आहेत. प्रास्ताविकाचा मसुदा टाकतोय, दुरुस्त करा:

‘आजचे वक्ते त्यांच्या परंपरेतली विवाहाची संकल्पना मांडतील. समलैंगिक असणं भारतात गुन्हा नाही आणि वैद्यकशास्त्र त्याला आजार मानत नाही, हे धरूनच आपण बोलणार आहोत. समलैंगिक बांधवांबद्दल आम्हाला सहानुभूती आहे. सभागृहात कुणाचं नाव घेतलं जाणार नाही. प्रश्न चिठ्ठीवर द्यावेत. कार्यक्रमाबद्दल अपप्रचार करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई केली जाईल.’

कामठीरोड

सहानुभूतीचं वाक्य काढा, काका. त्याऐवजी ‘या सभागृहात समलैंगिक श्रोतेही आहेत, त्यांचं स्वागत आहे’ असं ठेवा. आणि ‘विरोधी प्रश्न आधी घेतले जातील’ हे जोडलंत तर मी स्वतः चिठ्ठी घेऊन येईन.

धंतोली_वकील

शेवटचं वाक्यही काढा. ‘अपप्रचार’ म्हणजे काय हे कुठल्याच कलमात नाही, आणि ते वाचून साधा प्रश्न विचारणाराही गप्प बसेल. धमकी आली तर कारवाई होईलच, ती पत्रिकेवर छापायची गरज नाही.

मनोमित्र

आणि १४४१६ पत्रिकेवरही छापा, फक्त पडद्यावर नको. पत्रिका घरी जाते.